अकरा सज्जन, दोन जामीनदार

फाइलीत अकरा कॅरेक्टर सर्टिफिकेटं झाली होती आणि आबासाहेब बारावं आणायला निघाले होते. मी म्हटलं, "आबासाहेब, पुरे. हा जामीन अर्ज आहे, स्थळ नाही."

"माधवी, तुला कळत नाही. आपण कोण आहोत ते कोर्टाला कळलं पाहिजे."

नामपल्लीच्या क्रिमिनल कोर्टात मी एकतीस वर्षं वकिली करते आहे. आबासाहेब सचिवालयातून डेप्युटी सेक्रेटरी म्हणून रिटायर झाले त्यालाही पंधरा वर्षं झाली. तरी बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या हॉलमध्ये कायदा कुणाला जास्त कळतो, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. मला बोलावलं होतं ते 'घरची' म्हणून. घरची म्हणजे फी कमी आणि सल्ले जास्त.

आरोपी होता त्यांचा पुतण्या रोहन, वय चोवीस. वडील चार वर्षांपूर्वी गेले, आई सुनंदाबाई शाळेत शिकवतात. मित्राच्या खोलीवर पोलिसांची धाड पडली, कॉटखाली गांज्याचं पाकीट सापडलं, आणि खोलीत होते त्या तिघांनाही उचललं. रोहन म्हणतो, तो नुसता मॅच बघायला गेला होता. माझे सगळेच अशील मॅच बघायला गेलेले असतात. तो आठवडाभर जेलमध्ये होता. एक तारखेला त्याला गच्चीबावलीच्या एका कंपनीत जॉइन व्हायचं होतं आणि त्याला वीस दिवस उरले होते.

अमली पदार्थांच्या कायद्यात जामिनाचा बराचसा खेळ वजनावर असतो. गांजा एक किलोपर्यंत असला तर 'स्मॉल क्वांटिटी', वीस किलोच्या वर गेला की 'कमर्शियल'. कमर्शियलमध्ये जामीन फार अवघड, कारण आरोपी निर्दोष असावा असं मानायला जागा आहे, हे कोर्टाला आधीच पटवावं लागतं. मधल्या वजनाला ती अट नाही. तपास जरा पुढे सरकला की बहुतेक वेळा जामीन होतो. आमचं पाकीट सव्वा किलोचं होतं. साधी केस होती. साधी केस बिघडवायला माणसं लागतात, आणि ती या घरात भरपूर होती.

मी सर्टिफिकेटं वाचली. एक निवृत्त प्राचार्य, एक डॉक्टर, एक चार्टर्ड अकाउंटंट, मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि आबासाहेबांच्या ऑफिसातले सात जुने सहकारी. प्रत्येकाने आपला हुद्दा आरोपीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत टाईप केला होता. प्राचार्यांनी लिहिलं होतं, 'सदर युवक शंभर मीटर धावण्यात शाळेत सलग तीन वर्षे प्रथम.'

"हे तरी काढा," मी म्हटलं.

"का? गुण आहे तो."

मी हट्ट धरायला हवा होता. पण समोर घरातली पाच वडीलधारी माणसं बसलेली, सुनंदाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या. मी अकराही कागद अर्जाला जोडले. ही माझी पहिली चूक.

कोर्टात सरकारी वकील उठले. हे गृहस्थ आवाज कधी चढवत नाहीत, म्हणून मला त्यांची भीती वाटते. त्यांनी अकरा कागद एकेक करून जज्जसाहेबांपुढे ठेवले. "सर, बहुत इन्फ्लुएन्शल फॅमिली है. सेक्रेटेरियट तक पहुंच है. बाहर आया तो गवाहों पे प्रेशर पड़ेगा." मग प्राचार्यांचा कागद वर धरला. "और सर, भागने में तीन साल फर्स्ट है."

कोर्टात हशा पिकला. मीही हसले असते, पण अर्ज माझा होता. तपास सुरुवातीच्या टप्प्यावर आहे आणि साक्षीदारांवर दबाव येऊ शकतो, असं लिहून तो फेटाळला गेला.

बाहेर आल्यावर आबासाहेब म्हणाले, "बघितलंस? आपलं वजन मान्य केलं त्यांनी."

दुसरा अर्ज लगेच टाकून उपयोग नसतो. परिस्थितीत काहीतरी बदल दाखवावा लागतो. लॅबचा रिपोर्ट आला, साक्षीदारांचे जबाब नोंदवून झाले, मग मी अर्ज टाकला. या वेळी सर्टिफिकेट एकही नाही. आरोपीला पूर्वीचा गुन्हा नाही, आई नोकरी करते, पत्ता कायमचा आहे, एवढंच लिहिलं. दहा मिनिटांत जामीन मंजूर झाला. पण तोवर एक तारीख उलटून गेली होती. कंपनीने आणखी दहा दिवस थांबायचं कबूल केलं, कारण सुनंदाबाईंनी 'टायफॉइड' असं कळवलं होतं. शिक्षिका असून त्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्या, असं त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना रडल्या.

ऑर्डरमध्ये अट होती, दोन जामीनदार. जामीनदार म्हणजे काय, तर आरोपी तारखेला आला नाही तर बाँडची रक्कम मी भरीन, असं कोर्टाला लिहून देणारा माणूस. त्याला घरपट्टीची पावती किंवा सरकारी पगाराचं सर्टिफिकेट दाखवावं लागतं आणि स्वतः हजर राहावं लागतं. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असं लोकांना वाटतं. जामीनदार मिळेपर्यंत तो आतच असतो.

मला वाटलं, अकरा सज्जन आहेत, त्यातले दोन सहज मिळतील. फोन मीच केले.

प्राचार्य म्हणाले, पेन्शन अडकली तर? डॉक्टर म्हणाले, मुलीच्या व्हिसाची फाइल चालू आहे, आत्ता कोर्टात नाव नको. मंडळाच्या अध्यक्षांनी घटना तपासून घेतली आणि हे घटनेत बसत नाही असं कळवलं. चार्टर्ड अकाउंटंट म्हणाले, "मी सध्या सिकंदराबादला आहे हो, मुलाकडे." जसं काही सिकंदराबादहून नामपल्लीला यायला बोट लागते. सातही सहकाऱ्यांचे गुडघे त्याच आठवड्यात दुखायला लागले.

संध्याकाळी हॉलमध्ये पुन्हा सगळे जमले, तेव्हा मी विचारलं, "आणि आबासाहेब, तुम्ही?"

"मी कुटुंबप्रमुख आहे, माधवी. उद्या काही झालं तर सगळ्यांना सांभाळणारा कोण?"

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. "रोहनला आत आणखी आठ दिवस झाले, आबासाहेब. जामीन मिळून आठ दिवस." यावर सगळेच बोलायला लागले, मग एकेकाला कामं आठवली. हॉल रिकामा झाला. सुनंदाबाई कप गोळा करत होत्या.

"माधवीताई, घर बाईच्या नावावर असलं तर चालतं का हो?"

"कुणाचं घर?"

"काचीगुड्याचा फ्लॅट. ह्यांनी माझ्याच नावावर घेतलेला. घरपट्टी मीच भरते. मागच्याच आठवड्यात भाऊजींना विचारलं होतं. ते म्हणाले, बायकांना कोर्टात कशाला ओढायचं."

आबासाहेब हे सांगत होते, आणि त्यांच्याच पुतण्याची वकील रोज कोर्टात उभी राहणारी एक बाई होती. पण त्यांना तरी काय बोलू? महिनाभर या बाईच्या हातचा चहा पीत मी घरातल्या सगळ्या पुरुषांना विचारलं, हिला एकदाही विचारलं नाही. ही दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी.

एक जामीनदार झाला, दुसरा मिळेना. एकाच जामीनदारावर सोडावं म्हणून मी अट शिथिल करण्याचा अर्ज टाकला. सरकारी वकील सवयीने उठले. "सर, इन्फ्लुएन्शल फॅमिली..."

"सर, पहिल्या अर्जाला जोडलेले अकरा कागद रेकॉर्डवर आहेत," मी म्हटलं. "या अकरांपैकी एकही जण आरोपीसाठी सही करायला आला नाही. या फॅमिलीचा इन्फ्लुअन्स एवढाच आहे."

जज्जसाहेबांनी फाइल उलटून ते कागद पुन्हा पाहिले. मग सरकारी वकिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "नो ऑब्जेक्शन, सर," आणि खाली बसले. इतक्या वर्षांत मला मिळालेली ही सगळ्यात प्रामाणिक कबुली असावी.

सुनंदाबाईंना पुढे बोलावलं. मूळ कागद, घरपट्टीची पावती, आधार कार्ड, सगळं त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत क्रमाने लावून आणलं होतं. जज्जसाहेबांनी विचारलं, "अम्मा, लड़का तारीख पे नहीं आया तो पैसा आपको भरना पड़ता. मालूम है?"

"हौ साब."

"भाग गया तो?"

"कहां भागता साब. उसकू भूक लगी तो घरकोच आता."

जज्जसाहेबांनी सही केली. कोर्टात या वेळी कुणी हसलं नाही.

रोहन दुसऱ्या दिवशी सुटला. कंपनीची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती, ती नोकरी गेली. सध्या तो एका मेडिकल दुकानाचे हिशेब लिहितो आणि दर तारखेला कोर्टात येतो, आईबरोबर. केस चालूच आहे, कारण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. हे त्याला रोज समजतं, मला वेगळं सांगावं लागत नाही. आबासाहेब मात्र बरकतपुऱ्यात सांगतात की, वर एक शब्द टाकला म्हणून काम झालं.

आता नवी केस आली की मी वजन, कलम, पंचनामा हे सगळं नंतर विचारते. आधी विचारते, जामीनदार कोण राहणार? प्रश्न संपायच्या आत हॉल निम्मा रिकामा होतो, उरलेला चहा झाल्यावर. शेवटी जी व्यक्ती तिथेच बसून राहते, तिच्याशी मी केसबद्दल बोलायला सुरुवात करते.