काकांच्या गाडीतली सैल बॅटरी

माझ्या मावशीचा बॅगा दुरुस्त करण्याचा धंदा आहे. चेन, पट्टे, मुठी, अस्तरं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: रस्त्याकडे उघडणारं दार, दाराशी शिलाई मशीन, मागे कापायचं लांब टेबल. गिऱ्हाइकाने बॅग टेबलावर ठेवली की मावशी आधी बॅगेकडे नाही, गिऱ्हाइकाकडे बघते. "यात काय विटा भरल्या होत्या? चेन ती चेन आहे, धरणाचा दरवाजा नव्हे." लोक हसतात आणि पुन्हा येतात, कारण तिने बसवलेली चेन पुन्हा निघत नाही. मीही लहानपणापासून तिच्या बोलण्यावर हसत आले आहे. अर्थात, तोफेचं तोंड दुसरीकडे असेल तेव्हा.

दुकानात खरं तर दोन मशिनं आहेत. दुसरं माझ्या आईचं. गेली नऊ वर्षं त्यावर खोळ चढवलेली आहे.

झालं होतं ते असं. एका गिऱ्हाइकाने व्हायोलिनची पेटी अस्तर बदलायला आणली होती आणि बरोबर स्वतःच गर्द लाल मखमल आणून दिली होती, अगदी मोजून. मावशीने कापायला घेतली तर एका कोपऱ्यातून वीतभर तुकडा गायब. नेमकी त्याच वेळी मी शाळेतून तिथे पोचले, आणि माझ्या केसांना लाल मखमलीची पट्टी. ती आईने आठवडाभर आधी बाजारातून आणली होती. पण मावशीने माझ्या डोक्याकडे बोट केलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "हातच्या कंकणाला आरसा कशाला!"

आई म्हणाली, "ताई, मी घेतली नाही."

"मग काय मखमलीला पाय फुटले?"

त्यावर मावशी जे सुटली ते आईच्या लहानपणापर्यंत गेली. आईने आपली कात्री घेतली, अंगुस्तान घेतलं आणि ती निघून गेली. ती केसांची पट्टी मी वाटेतच गटारात फेकली. चौदा वर्षांच्या मुलीला दुसरं काय सुचणार? पुढे आईने मला मात्र कधी अडवलं नाही. "तुझी मावशी आहे, तू जा," एवढंच म्हणाली. म्हणून मी दर शनिवारी जाते.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, पाण्याचे मीटर वाचायचे. दिवसभर लोकांच्या अंगणात वाकून आकडे टिपायचे आणि कुणाला कळायच्या आत निघून जायचे. घरातही तसेच. त्यांच्यात आवाज करणारी गोष्ट एकच, रिमोटवर चालणारी हिरवी गाडी. रविवारी बाजाराच्या मोकळ्या पार्किंगमध्ये त्यांच्यासारखी आणखी चार-पाच मोठी माणसं आपापल्या गाड्या घेऊन यायची, फळ्या टेकवून उतार करायची आणि गाड्यांना उड्या मारायला लावायची. "केस पिकले, आता दुधाचे दात यायचे राहिलेत," मावशी म्हणायची. काका हसायचे आणि गाडी पुसत बसायचे.

गेल्या वर्षी काका गेले. आई आली होती, दाराशी उभी राहिली, मावशीने तिच्याकडे पाहिलं, आई गेली. तेव्हापासून मावशी गिऱ्हाइकांशी जास्तच मोठ्याने बोलते. दुपारी दुकान रिकामं असलं की रेडिओ लावते आणि निवेदिकेशी भांडते. फार एकटी पडली आहे ती. मी गेले की पहिला प्रश्न ठरलेला: "घरी सगळे बरे ना?" आमच्या घरी सगळे म्हणजे आई आणि मी. दोघी बहिणींना एकमेकींशिवाय आता कुणी नव्हतं, आणि त्या बोलत नव्हत्या. त्यांनी बोलावं एवढीच माझी इच्छा होती. ते माझ्या हातात नव्हतं, आणि मखमल कुठे गेली हे कुणालाच ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

मागच्या शनिवारी दुपारी मी तिथे असताना चष्मेवाले आले. हे काकांचे रविवारचे मित्र. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. मावशीने महिन्यापूर्वी काकांची गाडी त्यांना देऊन टाकली होती, "न्या एकदाची, धूळ खातेय" म्हणून. ती त्यांनी परत आणली होती.

"वहिनी, हिला काहीतरी करा," ते म्हणाले. "सपाटीवर छान पळते. उडी मारली की बंद. बॅटरी आत हलते आणि तार सुटते. तुमच्या यजमानांच्या हातात कधी बंद पडली नव्हती. त्यांनी काहीतरी युक्ती केली असणार."

"तुम्ही चष्मे विकता ना? मग आत डोकावून बघायला काय झालं?"

"बघितलं. आत काहीतरी कोंबलेलं दिसतं. ओढायला धीर झाला नाही. तुमचा हात पट्ट्यांवर बसलेला, म्हणून तुमच्याकडे आणली."

ते गाडी टेबलावर ठेवून आपल्या दुकानाकडे गेले. मावशीने गाडी उचलली, कानाशी धरून हलवली. आत टक, टक. "खुळखुळा झालाय नुसता," ती म्हणाली. मग चार पिना काढून वरचं हिरवं कवच उचललं. खाली बॅटरीचा खण होता. खण रुंद आणि खोल, बॅटरी मात्र किरकोळ. त्या मापाची जुनी जाड बॅटरी मिळेनाशी झाली असणार आणि काकांनी मिळेल ती बसवली असणार. दुसऱ्याचा कोट घातलेल्या माणसासारखी ती आत इकडून तिकडे सरकत होती.

मावशीने बॅटरी सोडवून बाजूला ठेवली आणि चिमट्याने खाली दाबून बसवलेली कापडाची घडी ओढून काढली. दाबून दाबून तिचा पुठ्ठा झाला होता. पांढऱ्या दोऱ्याने कडा शिवल्या होत्या, आणि ते टाके म्हणजे मातीतून कोंबडी चालून गेल्यासारखे. मावशीने ब्लेडने टाके उसवले आणि घडी उलगडली.

बाहेरून काळपट पडली होती, पण घडीच्या आत रंग तसाच होता. गर्द लाल.

मखमल हाती आली की मावशी लगेच तिच्या कडेला कात्रीने दोन छोटे त्रिकोण काढते, शेजारी शेजारी, म्हणजे लव कोणत्या बाजूला झुकते ते विसरायला होत नाही. ही तिची खूण. तुकड्याच्या कडेला दोन त्रिकोण होते. तिने त्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मी पुढच्या भडिमाराची वाट बघत होते. काकांच्या नावाने, चष्मेवाल्यांच्या नावाने, निदान त्या टाक्यांच्या नावाने. रेडिओवरची बाई बोलत होती, तिलाही उत्तर मिळालं नाही.

मग तिने काम सुरू केलं. मला तेव्हा तिची भीती वाटली, ती गप्प होती म्हणून.

लॅपटॉपच्या बॅगांत घालतात तो दाट फोम तिने काढला. खणाचं माप घेतलं, बॅटरीचं घेतलं आणि तळाला एक, दोन्ही बाजूंना एकेक असे तुकडे कापले. बसवून बघितलं, फार घट्ट झालं. बाजूचा एक तुकडा काढून पातळ केला. "चालली की गरम होत असेल ही," ती स्वतःशीच म्हणाली. "गरम झाली की फुगणार. जागा ठेवायला हवी." मग दोन बोटं रुंद वेल्क्रोचा पट्टा घेतला, खणाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या चिरांतून ओवला आणि बॅटरीवरून आवळला, पण करंगळी आत जाईल इतकाच. पट्ट्याच्या टोकाला धरायला जीभ सोडली. तारेवर पट्टा येत नाही ना ते बघितलं आणि तारेला थोडी ढील दिली. सगळं पाऊण तासाचं काम. मखमलीचा तुकडा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पडून होता, त्याकडे तिने मान वळवली नाही.

रिमोट माझ्या हातात दिला. "पळव."

मी गाडी दुकानातून बाहेर काढली आणि फुटपाथवरून खाली उडवली. आपटली, पण बंद पडली नाही. पुन्हा उडवली, पुन्हा चालली. तिसऱ्यांदा उलटी पडली तरी चारही चाकं हवेत गरगर फिरत राहिली. मावशीने ती उचलली, कानाशी धरून हलवली. आवाज नाही.

"तुझी आई शनिवारी किती वाजेपर्यंत कामावर असते?"

"पाच."

तिने मखमल रुमालात गुंडाळली, दार ओढलं, कुलूप लावलं. नऊ वर्षांत मी पहिल्यांदाच मावशीला भर दुपारी दुकान बंद करताना बघत होते. माझ्या मनात आलं, झालं, मिटलं सगळं. पुरावाच सापडला, आता आणखी काय हवं? वाटेत मी तर आई त्या मशीनवरची खोळ काढते आहे इथपर्यंत जाऊन आले.

आई कपडे धुवायच्या एका मोठ्या दुकानात काम करते. पुढे काउंटर, मागे वाफेची यंत्रं, आणि त्यांच्याही मागे एका खिडकीशी आईचं टेबल. लोकांचे उसवलेले खिसे, तुटलेली बटणं, लांब झालेल्या बाह्या. आम्ही आत गेलो तेव्हा ती एका कोटाचं अस्तर टाचत होती. मावशीला पाहून तिची सुई थांबली. मावशीने रुमाल सोडून तुकडा तिच्यासमोर ठेवला.

"त्यांच्या गाडीत होता," मावशी म्हणाली. "बॅटरीखाली."

आईने तुकड्याकडे पाहिलं. "सापडला तर," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मावशी म्हणाली, "म्हणजे? तुला माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवशी आले होते भाऊजी. बॅटरी हलत होती, टाकाऊ तुकडा समजून कापला म्हणाले. तू ओरडत होतीस तेव्हा आत दाढी करत होते. बाहेर यायचं धाडस झालं नाही. आज सांगतो तिला, म्हणाले."

"मग?"

"मग उद्या सांगतो म्हणाले. पुढे वर्षातून एकदा यायचे. तू उभी आहेस तिथेच उभे राहायचे. या आठवड्यात नक्की, म्हणायचे."

"आणि तू मूग गिळून बसलीस? नऊ वर्षं? चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि संन्यासी गप्प?"

"मी सांगितलं होतं ना, ताई. मी घेतली नाही म्हणून. एकदा सांगितलं होतं. एकदा पुरायला हवं होतं."

वाफेच्या यंत्राने मोठा सुस्कारा सोडला. मला तिघांचीही चीड आली. काकांची, तोंड उघडलं नाही म्हणून. मावशीची तर होतीच. आणि आईची, मलासुद्धा तिने कळू दिलं नाही म्हणून. मी असते तर त्याच दिवशी मावशीला तोंडावर सांगितलं असतं, असं मी मनात अगदी ठासून म्हटलं.

"मी ओरडले असते," मावशी म्हणाली. "फार तर दोन दिवस. मग विसरले असते. मी काय मनात ठेवते का काही?"

"नाही ठेवत. पण त्यांना ते दोन दिवस काढायचे नव्हते."

मावशी खुर्ची शोधत होती. तिथे खुर्ची एकच होती, आईची. ती टेबलाची कड धरून उभी राहिली. "चुकलं माझं," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे दोन शब्द मी तरी कधी ऐकले नव्हते.

आईचे डोळे भरले, पण तिने ते कोटाच्या बाहीला पुसले नाहीत. लोकांचा कोट होता. "हं," एवढंच म्हणाली.

"दुकानात येशील?"

"बघते."

आमच्या घरात 'बघते' म्हणजे काय ते मावशीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तिने मान हलवली. तुकडा तिथेच राहिला, तो आईने उचलला नाही आणि मावशीनेही नाही.

परत येताना मावशी माझ्या बाजूने चालत होती. समोरून एक माणूस फाटक्या पट्ट्याची बॅग छातीशी कवटाळून गेला. एरवी तिने त्याला जन्मभर पुरेल एवढं ऐकवलं असतं. रस्ता ओलांडायला आम्ही थांबलो. गाड्या जात राहिल्या.

"काय गं," ती म्हणाली, "मला सगळे इतके घाबरायचे?"

"नाही गं मावशी," मी पटकन म्हणाले. "काहीतरीच काय!"

तिने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. रस्ता मोकळा झाला होता, तरी आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

"म्हणजे तूसुद्धा," ती म्हणाली.