घोडीच्या कानातली ओवी

दुष्काळ सरला त्या साली मी हसनाबादकडचं आमचं गाव सोडून जुन्या जालन्यात एक घोडी तयार करायला गेल्तो. वरातीत नाचायची घोडी शिकवायची, हे काम आधी माझ्या बापाचं, मंग माझं. मालकाचे दोन टांगे चालायचे, आणि ही पांढरी घोडी त्यानं नवी घेतलेली. पहिल्याच दिवशी तो बोलला, "लगीनसराईच्या पहिल्या वरातीत नाचली तर ठीक. न्हाई तर टांग्याला जुंपीन."

टांग्याचं जनावर मी रोज बघायचो. खांद्याला जखमा, वर माशा. ही घोडी तर लेकरासारखी भित्री. हलगी वाजली की कान मागं पाडून भिंतीला चिकटायची. तिची टांग्यात माती झालेली मला बघवली नसती.

मी तबेल्यातच राह्यचो. बायको गावी. तिची आठवण यायची, पन सांगणार कुणाला? ती जात्यावर बसून ओवी म्हणायची, ती खरारा करताना आपोआप माझ्या तोंडात यायची. शब्द मला येत न्हाईत, नुसती चाल. घोडी मान खाली सोडून ऐकायची. दुपारी हलगीवाला यायचा. तो वाजवायचा, मी तिच्या पुढच्या पायाला हलकेच छडी लावायचो, आणि तोंडात ती गुणगुण चालूच. पाय उचलला की गुळाचा खडा. होता होता ती मानेला बाक देऊन चारी पाय ठेक्यात टाकायला लागली. मला वाटलं, हिला हलगी कळली.

पहिली वरात निघाली. नवरदेव चढला. लग्नघरच्यांनी घोडीवाल्याचा मान म्हणून मला विडा दिला, तो मी गालभर भरला. हलगी-ताशा सुरू झाला आणि घोडी जागची हलंना.

"पुतळा आणला का रे?" वरातीतला एक म्हातारा ओरडला.

"घोडीचं काय चुकलं? नवरदेव बघा की केवढा जड हाय!" दुसरा.

सगळे हसले. मालक हसला न्हाई. जवळ येऊन एवढंच बोलला, "टांगा."

छडी लावली, गूळ पुढं केला. घोडीनं गूळ नाकानं बाजूला सारला, मान वळवली आणि आपला कान माझ्या तोंडाशी आणून धरला. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती नाचायची ते हलगीवर न्हाई, माझ्या गुणगुणण्यावर. आणि माझ्या तोंडात विडा!

थुंकलो. चार गड्यांच्या देखत बायकांची जात्यावरची ओवी गुणगुणायला लागलो. तिनं पाय उचलला. मंग दुसरा. मारवाडी गल्ली येईस्तोवर ती अशी नाचली की ताशेवाले तिच्या पायाकडं बघून वाजवू लागले.

"काय पाव्हणं, दळण किती झालं?" तो म्हातारा मला म्हणला. म्हणू दे. मालकानं तिच्या कपाळावरून हात फिरवला. "टांग्याला दुसरं बघतो," म्हणला.

गावी गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली. मंग म्हणली, "अवो, माझी ओवी घोडीच्या कानात म्हनता. माझ्या कानात कधी म्हनली न्हाई ती."

"तू कुठं नाचतीस?"

"म्हनून तर बघा!"

ते हसण्यावारी गेलं. संसारात असं पुष्कळ हसण्यावारी जातं.

औंदा ती गेली. जायच्या आधी बरेच दिवस खाटेवर पडून होती, वाचा बंद. एका दुपारी सून शेतात गेल्ती, घरात आम्ही दोघंच. मी खाली वाकलो आणि तिच्या कानाशी ती चाल धरली. आवाज फाटका निघाला. तिनं डोळे उघडले न्हाईत. पन गोधडीखाली एक पाय उचलला, टेकवला, परत उचलला.

मी उठून गुळाचा खडा आणला. तिला गिळवत नव्हतं. नुसता ओठाला लावला.