गाडी माझी, विचारतो दिराला

डोकं तापलंय म्हणून घरी येताच लिहायला बसले.

माझी जुनी मोटरसायकल अर्ध्या रेसवर अडकत होती. नया बाजारातल्या मिस्त्रीला म्हटलं, "कार्बोरेटरची सुई एक खाच वर घे, पेट्रोल कमी पडतंय." तो सोबत आलेल्या माझ्या दिराकडे बघून म्हणाला, "भैया, सुई नई डाल देता हूँ." दिराला साधी सायकल येत नाही!

सुई घातली दुसऱ्याच गाडीची, जाड; पेट्रोल आणखीच कमी. पुलाच्या चढावर गाडी बंद. माझ्यामागे सासूबाई, त्यांच्यामागे ट्रक. त्या म्हणाल्या, "अगं, मारतेस का मला!"

ढकलत परत नेली, जुनीच सुई लावायला लावली, एक खाच वर. गाडी सुसाट! तरी मेला म्हणतो, "भाभीजी, भैया से चलवा के देख लेना."

बायांनो, चालवणारीचं ऐकणारा मिस्त्री ग्वाल्हेरात आहे का कुठे?