ताईचं मनगट

गेल्या मे महिन्यात, पुणतांब्यात एका साखरपुड्याची जेवणं झाल्यावर, माझ्या मावसभावाने माझ्या मोठ्या बहिणीला भर मांडवात खोटारडी म्हटलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. खाली लिहिलेलं सगळं त्या भांडणाची चौकशी करताना हाती आलं.

मी नगरच्या एका दैनिकात डेस्कवर काम करतो. मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी, विहिरीतून हाका... असल्या बातम्या तालुक्यांतून येतात. मी त्या वाचतो आणि टाकून देतो. या सदरात छापून येणारे वाचकांचे अनुभवही आजवर त्याच नजरेने वाचले. त्यामुळे कुणी काय सांगितलं तेवढंच लिहितो. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं घर भिंगारला, मावशीचं पुणतांब्याला. लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी मावशीकडेच जायची. मी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी वैजूताई, आणि मावशीचा मुलगा सुनीलदादा — वयाने आम्हा दोघांच्या मधला. दुपारी ऊन तापलं की ओसरीवर गोष्टी. नियम एकच — ऐकणाऱ्यांपैकी एकाने हुंकार द्यायचा. वाक्य संपलं की 'हं'. हुंकार थांबला की गोष्ट थांबली.

मोठेपणी बाकीच्या गोष्टी विरल्या, एक उरली. ती ताई सांगते. बारसं, लग्न, वास्तुशांत — चार नातेवाईक जमले की तिला ती सांगायला लावतात, आणि ती फार चांगली सांगते.

गोष्ट अशी. मे महिना, गोदावरीचं पात्र कोरडं, वाळूत कलिंगडाच्या वाड्या. वेलांना पाणी घालण्यासाठी वाडीवाले वाळूत खोल खड्डा खणतात, त्याच्या तळाशी पाणी झिरपतं. त्याला झिरा म्हणतात. नदीकाठची पोरं झिऱ्याच्या कडेवर पाय देत नाहीत. मी भिंगारचा, मला ते माहीत नव्हतं. पाणी बघायला वाकलो, कड ढासळली, मी आत आणि वरून वाळू. आधी छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. सुनीलदादा पळून गेला. ताईने पालथं पडून हात खाली घातला आणि मला ओढून काढलं. मी घाबरून तिच्या मनगटाला कडकडून चावलो.

इथे ताई बांगड्या मागे सारते आणि खूण दाखवते. "वाचवणारीला हा चावला, आणि पळणाऱ्याने मागे वळून बघितलं नाही." लोक हसतात.

हुंकार द्यायला ती दरवेळी सुनीलदादालाच बसवायची.

साखरपुडा त्याच्या मुलीचा होता. नवरा मुलगा श्रीरामपूरकडचा. जेवणं आटोपली, पानं फिरली. कुणीतरी म्हणालं, "वैजूताई, झिऱ्याची होऊन जाऊ द्या." ताई सरसावून बसली. पहिलं वाक्य झालं आणि ती थांबली.

"सुनील, हुंकार दे."

तो पानाचा देठ मोडत होता.

"दे ना रे, गोष्ट अडली."

"न्हाई देत."

"का? व्याह्यांपुढं लाजतोस?"

"लाजायला मी काय केलंय? तू तितं न्हवतीस, वैजूताई. ज्या साली ह्यो झिऱ्यात पडला त्या साली तू आलीच न्हवतीस. तुला कावीळ झाल्ती. मी टेशनावर घ्यायला गेल्तो. तुझ्या वडलांचं बोट धरून ह्यो एकटाच उतरला."

"मग याला काढलं कुणी? तू? तू तर पळालास."

"दोर आनाया पळालो. इतकी वरसं सांगतोय, कोन ऐकतं? तुझी गोष्ट लई ग्वाड पडती ना लोकास्नी. खोटारडी हायेस तू."

मग व्याही हसत म्हणाले, "जाऊ द्या हो. आमच्याकडं पळायची पद्धत न्हाई, पोरीनं तेवढं ध्यानात ठेवलं म्हंजी झालं." ते चेष्टेत म्हणाले. सुनीलदादाची मुलगी उठून आत गेली.

मी निघालो तेव्हा त्याने माझ्या गाडीचं दार धरून ठेवलं.

"पक्या, तू पेपरवाला ना? जगाच्या बातम्या तपासतोस, ही बी तपास. आन जे निघंल ते माझ्या व्याह्याच्या घरी जाऊन सांग. माझ्या पोरीला तितं जल्मभर पळपुट्याची पोर म्हनून ऱ्हायचं न्हाई."

"ताईला वाईट वाटेल."

"मला काय वाटत हुतं ते कधी इचारलं का कुनी?"

मला स्वतःला काय आठवतं? वाळूचं ओझं. एक हात. पण ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे, की माझी आठवण कुठे संपते आणि ताईचं सांगणं कुठे सुरू होतं, हे मला ओळखता येत नाही. म्हणून स्वतःला साक्षीदार धरलं नाही.

ज्याच्या झिऱ्यात मी पडलो तो वाडीवाला आता म्हातारा आहे, पुणतांब्यातच असतो. त्याला मी मांडवातलं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, त्या दिवशी काय झालं.

"सुनील बोंबलत आला. 'आबा, पक्या गाडला, दोर घ्या.' तसाच पळालो. जाऊन बघतो तर तू भाईर. वाळूवर बसल्याला. तोंड रगतानं माखल्यालं."

"मला लागलं होतं?"

"आमाला बी तसंच वाटलं. पान्यानं धुतलं, बोट घालून बघितलं. कुठं खरचटल्यालं बी न्हवतं."

"तिथे मोठी मुलगी होती का एखादी?"

"त्या उन्हात? कुत्रं न्हवतं तितं."

नंतर आई. ती माझ्याकडेच भिंगारला असते. गुडघ्यांमुळे साखरपुड्याला आली नव्हती, भांडण तिच्या कानावर गेलेलं नव्हतं. ताईला कावीळ झाली त्या सुट्टीत ती पुणतांब्याला गेली होती का, एवढंच मी विचारलं.

"कशी जाईल? महिनाभर अंथरुणावर होती. उसाचा रस आणि बिनतेलाचं जेवण. तुला एकट्याला पाठवलं. तुझे वरचे पुढचे दोन्ही दात नुकते पडलेले, मीच पत्र्यावर टाकले होते. बोलायला लागलास की नुसती हवा."

"मग ती झिऱ्याची गोष्ट सांगते ती?"

"तिला वाटतं ती होती. सांगते बापडी. सगळी हसतात, मी कशाला खोडू?"

"आणि मनगटावरची खूण?"

"ती होय? घूस चावली होती तिला. त्याच आजारपणात, भरदुपारी. मी बाहेरून कडी घालून दळण आणायला गेले होते. येऊन बघते तर चादर रक्ताने भिजलेली आणि ही गाढ झोपेत. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, घुशीचं तोंड एवढं कुठं असतं? मी म्हटलं, मग दुसरं काय असणार, दार तर बंद होतं." तिने गुडघा चोळला. "दुसऱ्या दिवशी पुणतांब्याहून निरोप आला, काल दुपारी तू झिऱ्यात पडलास म्हणून. एक इथं आजारी, एक तिथं वाळूत."

मी श्रीरामपूरला जाऊन व्याह्यांना भेटलो. वाडीवाल्याने जे सांगितलं त्यातलं सुनीलदादापुरतं सांगितलं — तो मदत आणायला पळाला होता, आणि मदत घेऊन परतही आला होता. त्यांनी ऐकून घेतलं. "आम्ही गमतीत बोललो होतो," म्हणाले. चहा दिला. लग्न ठरल्याप्रमाणे झालं. सुनीलदादाने ताईला पत्रिका दिली नाही.

लग्नानंतर मी ताईकडे गेलो. ती नागापूरला राहते, दाजी तिथल्याच एका कारखान्यात आहेत. दाजी ड्यूटीवर होते. तिने मला बस म्हटलं नाही.

"व्याह्यांच्या घरी जाऊन मला खोटी ठरवून आलास. झाली का बातमी?"

"तुझं नावही घेतलं नाही."

"नाव कशाला घ्यायला लागतं? गोष्ट एकच आहे."

"ताई, त्या सुट्टीत तू आजारी होतीस."

"होते."

"भिंगारला होतीस."

"होते."

"मग पुणतांब्याला कशी..."

"ते मला काय विचारतोस? 'ताई' म्हणून हाक कुणी मारली?"

तिने बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात माझ्या तोंडासमोर धरला. "आईने घूस सांगितली असेल. घे, तपास. तुझं कामच आहे."

ती खूण मी आजवर लोकांच्या हसण्यात, लांबूनच पाहिली होती. त्या दिवशी खिडकीपाशी, उजेडात पाहिली. खालच्या बाजूला लहान दातांची सलग ओळ आहे. वरच्या बाजूला दोन्ही टोकांना एकेक खूण आहे. मधली दोन दातांची जागा मोकळी आहे.