गेरू लावलेला दगड

कुंड्या रंगवताना ओल्या गेरूचा वास आला, की भोपाळमधली आमची कारखान्याची कॉलनी आठवते. बाबांनी इंजिनियर मित्रांना जमवून तिथे पुरातत्त्व मंडळ काढलं होतं. नाल्यात सापडलेला कोरीव दगड क्लबसमोर ठेवून मोठ्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. साहेब येणार म्हटल्यावर मेंटेनन्सवाल्यांनी नेहमीप्रमाणे रस्त्याकडेच्या सगळ्या दगडांना गेरू फासला, आणि या दगडालाही! बाबा चिडून फडक्याने पुसायला निघाले, तर शेजारच्या काकूंनी चप्पल काढून त्यावर जास्वंदीचं फूल वाहिलेलं. बाबा थबकले. म्हणाले, "राहू दे. मंडळाचं काय व्हायचं ते होवो, हा आता कुठे जात नाही." मंडळ केव्हाच मोडलं. परवा तिथे गेले, तर क्लबसमोरच्या देवळातला पुजारी मला म्हणाला, "बहनजी, चप्पल उधर उतारिए."