भिंत हलली नव्हती

ऑफिसात त्याला सगळे खांब म्हणत. उंचीने तो बेताचाच होता. पण खांद्यावर कॅमेरा घेऊन एकदा उभा राहिला की राहिला. मोर्चात रेटारेटी होवो, समोरचा शिव्या घालो, चित्र हलत नसे. इतरांना तिपाईवर जे जमत नसे ते हा नुसत्या खांद्यावर काढी. "तिपाई कशाला? आपला खांब आहे ना," असं ड्रायव्हर म्हणायचा आणि तिपाई खरोखरच गाडीत ठेवायला विसरायचा.

शाळेत त्याचं मन लागेना तेव्हा ताईने, म्हणजे थोरल्या बहिणीने, त्याला एका फोटो स्टुडिओत चिकटवलं होतं. तिथे पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेल्यांना दिवसभर "हलू नका, हलू नका" म्हणता म्हणता हा स्वतःच हलायचा थांबला, असं ताई हसून सांगे. पुढे लग्नाचे व्हिडिओ. मग शहरात बातम्यांचं चॅनेल सुरू झालं, आणि पहिल्या दिवसापासून तो तिथे होता.

त्याची एक सवय होती. शॉट फसला की तो शेवटी लेन्सवर तळहात ठेवी. चित्र काळं होई. जुना एडिटर ते काळं दिसलं की आधीचा तुकडा न बघता फेकून देई. दोघांनी हे कधी ठरवलं नव्हतं. अंगवळणी पडलं होतं, एवढंच. जुना एडिटर गेल्या वर्षी निवृत्त झाला. जाताना त्याने नव्या एडिटरला कपाटाच्या किल्ल्या दिल्या, संगणकाचे पासवर्ड दिले. तळहाताचं सांगायचं असतं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

त्याच सुमाराला खांबाचा उजवा हात थरथरू लागला. आधी अंगठा, मग मनगट. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे बरं होणारं नाही, लांबवता येणारं आहे, असंही सांगितलं. त्याने फक्त बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती त्याचा चहाचा कप अर्धाच भरू लागली. ताईला सांगायचं तो आज-उद्यावर ढकलत राहिला. ऑफिसात तो आता स्वतःहून तिपाई मागे. "म्हातारपण आलं वाटतं," ड्रायव्हर चिडवायचा. "आलं बाबा," तो म्हणायचा आणि विषय तिथेच संपवायचा.

भूकंप झाला तो सकाळी, माणसं कामाला निघायच्या वेळी. स्वयंपाकघरात डबे एकमेकांवर वाजले. पलंग कुणीतरी ढकलल्यासारखा सरकला. बायकोने गॅस बंद केला आणि दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. तोवर सगळं संपलंही होतं. रस्त्यावर लोक टॉवेल गुंडाळून, ब्रश तोंडात धरून बाहेर आले होते. एकमेकांकडे बघून हसत होते. जिवावरचं थोडक्यात टळलं असं वाटलं की माणसं हसतात तसं.

लगेच चॅनेलच्या बातम्यांच्या डेस्कवरून फोन आला. डेस्कप्रमुख तरुण होती, कामाला वाघ. "काका, निघा. जे पडलं असेल ते काढा."

काही पडलं नव्हतं. गाडीतून तो शहरभर फिरला. काचसामानाच्या दुकानात एक पेलासुद्धा फुटला नव्हता. मालक उलट नाराज होता. "विमा काढलाय हो," तो म्हणाला, "पण नशीबच फुटकं. माल तेवढा शाबूत."

डेस्कवरून पुन्हा फोन. "काका, तडा तरी असेल कुठे?"

ताईची इमारत वाटेवरच होती. तिची चौकशी करावी म्हणून त्याने गाडी थांबवली. ताई एकटी. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती राहायची आणि तिथेच पाळणाघर चालवायची. त्यावरच तिचं पोट, आणि खरं तर तिचा जीवही. जिन्यात तिने स्वतः रंगवलेली पाटी होती: पाळणाघर, आणि वर जाणारा बाण. पाटीशेजारी भिंतीला जुना तडा होता. आतला पाण्याचा पाइप गळायचा म्हणून पडलेला, कधीतरी सिमेंट भरून बुजवलेला.

डेस्कला काहीतरी हवं होतं. तिपाई ड्रायव्हर नेहमीप्रमाणे विसरला होता. खांबाने कॅमेरा खांद्यावर घेतला. वर मुलं किंचाळत होती. सकाळपासून त्यांना नवा खेळ सापडला होता. ताई "भूकंप!" म्हणायची, आणि सगळी आरडाओरडा करत जमिनीवर लोळण घ्यायची. खांबाने तड्यावर कॅमेरा नेला आणि हाताने दगा दिला. चौकटीतली भिंत थरथरू लागली. त्याने डावा हात खालून लावला. थरथर थांबेना. जाऊ दे, तसाही तडा जुनाच आहे, असं म्हणून त्याने लेन्सवर तळहात ठेवला. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून ऑफिसात पोहोचवायला ड्रायव्हरकडे दिलं आणि तो वर गेला.

"तुला कळला का भूकंप?" त्याने ताईला विचारलं.

"मला कळला. त्या बाईसाहेबांना विचार." तिने कोपऱ्यात झोपलेल्या, पहाटेच आणून सोडलेल्या एका तान्ह्या मुलीकडे बोट दाखवलं. "कूससुद्धा बदलली नाही."

दोघं चहा घेत बसली. तो डाव्या हाताने कप धरून होता. ताईचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. एका मुलाची आई विचारत होती, मुलं सुखरूप आहेत ना. "सुखरूप म्हणजे? खेळतायत," ताई म्हणाली. "अहो, टीव्हीवर काय दाखवतायत!"

ताईने मुलांचं कार्टून बंद करून बातम्या लावल्या.

भिंत हादरत होती. पाटी हादरत होती. मुलांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. मग सगळं काळं झालं. खाली लाल पट्टी: भिंत हादरली, अंधार पसरला, फक्त आमच्याकडे. मग पुन्हा भिंत. पुन्हा किंकाळ्या. पुन्हा काळं.

"अरे, हा तर आपला जिना," ताई म्हणाली. "आणि ही तर माझी पोरं." ती हसली. मग हसू ओसरलं. "माझ्या घरात काय झालं ते मला टीव्हीवरून कळायचं का रे आता?"

त्याने कप खाली ठेवला. "जाऊन सांगतो," एवढंच म्हणाला.

दुपारी तो डेस्कवर पोहोचला तेव्हा तिथे उत्सव असल्यासारखं वातावरण होतं. सगळ्या पडद्यांवर तोच जिना.

"मॅडम, तो शॉट काढा."

"काका, तो शॉट आज आपल्याला तारतोय. बाकीच्यांकडे काय आहे? हलणारा पंखा. तोही मोबाइलवर काढलेला."

"भिंत हलली नव्हती. धक्का होऊन दोन तास उलटले होते तेव्हा."

"मग नंतरचा धक्का असेल. नाहीतर काय हललं?"

"मी."

नव्या एडिटरला हसू फुटलं. "खांब हलला म्हणे!" सगळेच हसले. डेस्कप्रमुखही हसली. "काका, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मानलं असतं. तुमचा हात? तुमचा?"

"जिना चढून धाप लागली होती," तो म्हणाला. जिन्याच्या पायथ्याशीच तर तो उभा होता.

"आणि अंधार?" एडिटरने विचारलं. "मला वाटलं लाइट गेली."

"माझा तळहात. फसलेला शॉट होता."

डेस्कप्रमुख जरा गंभीर झाली. वाईट नव्हती ती. "काका, बसा. लोक घाबरलेत. घाबरलेला माणूस टीव्ही लावतो. आपण दुसरं काही दाखवलं तर तो दुसऱ्या चॅनेलवर जातो."

"पहिला तासभर भूकंप दाखवा ना. आपल्याला भास झाला नाही, एवढं तरी माणसाला कळायला हवं. पण आता आपण काय सांगतोय? काही पडलं नाही, कुणाला खरचटलं नाही. हे दिवसभर कशाला सांगायचं?"

"तेच म्हणते मी. काही झालं नाही हे दिवसभर सांगता येत नाही. म्हणून तर तो शॉट."

तिथेच हात टेबलावर ठेवायचा होता. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की कॅमेरा गेला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने उजवा हात खिशात घातला. "संध्याकाळपर्यंत उतरेल तो," डेस्कप्रमुख म्हणाली. त्याने मान हलवली आणि तो घरी गेला.

संध्याकाळी शॉट उतरला नाही. चॅनेलवर त्यावर चर्चा झाली. एक इंजिनिअर फोनवर होता. त्याने ती इमारत आयुष्यात पाहिली नव्हती. "आत्ता पडद्यावर दिसतेय तशी भिंत असेल, तर तिथे माणसांनी राहणं म्हणजे..." असं म्हणून तो थांबला. त्या थांबण्याने उरलंसुरलं काम केलं.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. आवाज थंड होता. "एकच मूल आलंय. त्याच्या घरचा टीव्ही बिघडलाय म्हणून. तू सांगतो म्हणाला होतास ना?"

तो उठला तो तडक ऑफिसात गेला. मॅडमसमोर त्याने हात टेबलावर ठेवला आणि तसाच राहू दिला. टेबलावरचं पेन घरंगळून खाली पडलं. कुणी हसलं नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वर्ष होईल."

तिने तिथल्या तिथे शॉट काढायला लावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हेही खरं. पण चूक झाली असं पडद्यावर सांगायला ती तयार होईना. "काका, ते एक खोटं ठरलं की आपलं सगळंच खोटं वाटेल. शॉट गेला ना? लोक विसरतात." दुपारी कुठेतरी एका पुढाऱ्याने पक्ष बदलला. भूकंप खरोखरच पडद्यावरून पुसला गेला. त्या आठवड्यात खांबाला जुन्या टेपांच्या खोलीत बसवलं. आराम म्हणून.

चॅनेल सांगत नाही तर आपण सांगू, असं त्याने ठरवलं. रोज संध्याकाळी तो पाळणाघरातल्या एकेका मुलाच्या घरी जायचा. ताई बरोबर असायची. पहिल्याच दारात त्याने आजाराचं नाव घेतलं आणि हात पुढे केला. ताईने आधी हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. खाली उतरल्यावर म्हणाली, "परक्यांच्या उंबऱ्यावर कळायचं होतं मला हे?"

"सांगणार होतो गं."

"कधी? माझ्या तेराव्याला?"

मग तिने त्याचा दंड धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही.

मुलं पुन्हा पाठवायला दोन घरं राजी झाली. बाकीच्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, वाईट वाटलं म्हणाले. शेवटचं घर त्या झोपाळू मुलीच्या आईचं. ती इस्पितळात नर्स होती. असे हात तिने पुष्कळ पाहिले होते. तिने खांबाचं मनगट धरलं, गोळ्या कोणत्या ते विचारलं, एक गोळी जेवणाआधी घ्या म्हणाली. त्याला वाटलं, ही समजली.

"तुमचा हात हलतो हे मला मान्य आहे, काका," ती म्हणाली. "पण भिंतही हलत होती. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

"मीच काढलंय ते."

"हो ना. मग तुम्हीच सांगा, कामावर असताना माझ्या डोळ्यांपुढून ते जाईल का? पेशंटला सुई टोचताना मला ते दिसतं. मुलीचा आवाजसुद्धा येतो त्यात."

"ती झोपली होती," ताई म्हणाली. "तिने कूससुद्धा बदलली नव्हती."

खांबाचं मनगट सोडून नर्स म्हणाली, "ताई, रागावू नका."

तीन मुलांवर दोन खोल्यांचं भाडं निघत नाही. पावसाळा संपायच्या आत ताईने खोल्या सोडल्या आणि भावाकडे राहायला आली. काम मात्र सोडलं नाही. दूरच्या बंगल्यांच्या वस्तीत एका घरी बाळ सांभाळायला जाऊ लागली. सकाळी जायची, दिवेलागणीला यायची. दमून यायची, पण पूर्वी भेटायला आली की जशी पाळणाघरातल्या एकेका मुलाची नक्कल करून दाखवायची, तशी आता काही दाखवत नसे.

एकदा टेपांच्या खोलीतून लवकर सुटून खांब त्या वस्तीत गेला. पहारेकऱ्याने आत निरोप दिला. ताई फाटकाशी आली. अंगावर घरवाल्यांनी दिलेला एप्रन होता.

"काय झालं? सगळं ठीक ना?"

"ठीक. सहजच आलो. मूल कसंय?"

"गुणी आहे. आजी-आजोबा आहेत घरात. दिवसभर बातम्या लावून बसतात." ती थांबली. "आवाज बंद ठेवतात. बाळ झोपतं ना."

रस्त्यावरून एक टँकर गेला.

"असा येऊ नकोस रे," ती म्हणाली. "त्यांना वाटतं मी काम टाकून फिरते."

आतून बाळ रडल्याचा आवाज आला. ती वळली आणि भराभर चालू लागली. पहारेकऱ्याने फाटक लावून घेतलं.