वेगळी पळी

शांतवन मास्तर म्युनिसिपालिटीच्या शाळेत ड्रिल शिकवत आणि रविवारी चर्चमध्येही तेच करत. उपासनेला कुणी उशिरा आलं, की ते मनगटावरच्या घड्याळाकडं अशी काही नजर टाकत, की येणाऱ्याला वाटावं आपलं नाव स्वर्गाच्या हजेरीपटातूनच कटलं. हे त्यांच्या वैऱ्यांनी उठवलेलं नव्हे. पुढं म्हातारपणी मास्तर स्वतःच सांगत, "देवानं मंडळीला पाळक दिला, आन् मंडळीनं लई माजू नये म्हणून मला दिला."

पण त्यांचा खरा दरारा चुलीपाशी. नाताळनंतरच्या रविवारी मंडळीचं प्रीतिभोजन असे. उपासना संपली की चर्चमागच्या पटांगणात सगळे एका पंगतीला बसत. दवाखान्यातले डॉक्टर, इचलकरंजीहून आलेला मागावरचा कामगार, झाडलोट करणारी बयाबाई, पाळकसाहेब, सगळे. मटण मास्तर शिजवत. वाढप झालं की शिट्टी वाजवत आणि मगच जेवण सुरू होई. शिट्टीआधी कुणी भाकरी मोडलेली त्यांना खपत नसे.

या पंगतीवर त्यांचा जीव होता. त्यांच्या आज्ज्याला शिरोळकडच्या गावात लोक वरून वाढायचे, हात लागू नये म्हणून. त्या आज्ज्याचा नातू आज डॉक्टरांच्या मांडीला मांडी लावून जेवत होता. ख्रिस्तात सगळे एक, हे मास्तरांना प्रवचनातून समजण्याआधी पत्रावळीवर समजलं होतं. फक्त, सगळे एक म्हणजे सगळे आपल्यासारखे, असा त्याचा सोयीस्कर अर्थ त्यांनी लावून घेतला होता.

शहात्तर साली मंडळीत कालिंदीबाई आल्या. दवाखान्यात नर्स, मूळच्या जयसिंगपूरच्या व्यापारी घरातल्या. बाप्तिस्मा घेतला म्हणून घरच्यांनी दार लावून घेतलेलं. शाहूपुरीत खोली घेऊन एकट्या राहत. गळा गोड, आणि वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर, म्हणजे मास्तरांच्या हिशेबानं निम्म्या संतच. पण प्रीतिभोजनाला त्यांनी हात जोडून सांगितलं, "मास्तर, मला मटण नको. जन्मात खाल्लेलं नाही. लोणचं-भाकरी पुरे."

मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. घरी येऊन त्यांनी तोफ डागली, "बाप्तिस्मा घेतला बाईनं, पर जात काय पाण्यात बुडली न्हाय!"

त्यांची बायको बनाबाई भाकऱ्या थापत होती. "अवो, पोटाला सवय नसंल. त्यात जात कुठनं आली?"

"सवय मोडाय लागती."

"मग तुमची शेपूची मोडू का उद्या?"

शेपूचं नाव निघालं की मास्तरांची तोफ थंड. शेपूचा वास त्यांना सहन होत नसे. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांच्या घरात शेपूची जुडी शिरली नव्हती. एकदा शेजारी शेपू शिजला, तर हे रंकाळा तलावावर जाऊन दोन तास बसून आले. त्यावरून त्यांची जात मात्र कुणी काढली नव्हती.

पुढच्या वर्षी मंडळीनं ठरवलं, कालिंदीबाईंसाठी वांग्याची भाजी करायची. म्हणजे मास्तरांनीच करायची. एका चुलीवर मटणाचं मोठं भांडं, शेजारी जर्मनचं छोटं पातेलं. मास्तरांनी भाजीची चव घेतली. मिळमिळीत लागली. शेजारी अळणी तयार होतं, म्हणजे मटण शिजलेलं बिनतिखटाचं पाणी. मास्तरांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, एक पळी अळणी उचललं आणि वांग्यात ओतलं.

भाजीला चव येईल, असं त्यांनी मनाला सांगितलं. ते खोटं होतं. पुढच्या साली बाई नको म्हणाल्या की हसून सांगायचं होतं, गेल्या वर्षी खाल्लंसा की, काय झालं?

भाजी वाढायला मास्तर स्वतः गेले. शिट्टी झाली. कालिंदीबाईंनी पहिला घास घेतला, जरा थांबल्या, मग मान खाली घालून जेवल्या. पत्रावळीवर काही ठेवलं नाही. "चांगली झाली, मास्तर," म्हणाल्या. मास्तरांची छाती बनियनमध्ये मावेना.

घरी त्यांनी हा पराक्रम बनाबाईला रंगवून सांगितला. ती हसली नाही. "म्हणून व्हय," एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला बसली. म्हणून काय, ते तिनं सांगितलं नाही. पुढचे चार दिवस ती नवऱ्याशी 'जेवा' आणि 'उठा' याच्या पलीकडं बोलली नाही. बुधवारच्या प्रार्थनेला कालिंदीबाई आल्या नाहीत. मास्तरांनी त्या दिवशी घड्याळच बघितलं नाही.

मग महिन्याचा पहिला रविवार उजाडला, प्रभुभोजनाचा. भाकरीचं तबक मंडळीत फिरवायचं काम मास्तरांचं. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं सांगितलं, ज्यानं कुणाचं वाईट केलं असेल, त्यानं आधी ते मिटवावं आणि मग या मेजाशी यावं. वीस वर्षं हे शब्द ऐकताना मास्तर मंडळीभर नजर फिरवत आणि कुणाकुणाला हे लागू आहे त्याची मनात यादी करत. आज यादीत एकच नाव येत होतं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं.

तबक मेजावर ठेवून ते सरळ बायकांच्या बाजूला गेले. "कालिंदीबाई, जरा भाईर येता?"

सगळी मंडळी बघत राहिली. पाळकसाहेबांना काही सुचेना, म्हणून त्यांनी एक गीत सुरू केलं.

बाहेर पायरीवर चपलांचा ढीग होता. तिथं उभं राहून मास्तरांनी सांगून टाकलं, "वांग्यात मी अळणी घातलंतं. चुकून न्हाय. मुद्दाम."

"मला पहिल्याच घासाला कळलं," कालिंदीबाई म्हणाल्या.

"मग खाल्लंसा कशापायी?"

"उठले असते तर तुम्ही म्हणाला असता, हिची जात अजून गेली नाही. मास्तर, माझं एक घर गेलंय. ही एवढी पंगत राहिलीय. ती पण जाऊ देऊ?" मग हळूच म्हणाल्या, "भिंतीमागं जाऊन सगळं ओकले. बनाबाईंनीच पाठ चोळली माझी. कुणाला सांगू नका, म्हणून मीच त्यांना विनवलं होतं."

मास्तरांना आज्जा आठवला. वरून पडलेलं अन्न तोही असाच मान खाली घालून खात असणार. वरून वाढणाऱ्यांचा मास्तरांनी जन्मभर राग केला होता, आणि आज पळी त्यांच्याच हातात निघाली. चारशे पोरांना एका शिट्टीत सरळ उभं करणारा हा माणूस चपलांच्या ढिगात उभा राहून रडला. आत गीत संपलं होतं. पाळकसाहेबांनी ते पहिल्या कडव्यापासून पुन्हा धरलं.

"चला आत," कालिंदीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तिसऱ्यांदा म्हणायला लावू नका त्यांना."

त्या दिवशी मास्तरांनी तबक त्यांच्यापुढं धरलं तेव्हा ते एका बाजूला कललं. कालिंदीबाईंनी तबकाला खालून हात दिला आणि मग भाकरी घेतली.

त्यापुढच्या प्रीतिभोजनाला बिनमटणाच्या भाजीचं काम कालिंदीबाईंनी स्वतःकडं घेतलं. मंडळीतल्या आणखी सात-आठ जणांनी ती भाजी मागितली, हेही मास्तरांना नवीनच. इतकी वर्षं त्यांच्या शिट्टीच्या धाकानं ते मुकाट्यानं रस्सा ओरपत होते.

मटण पहाटेच शिजवून मास्तर उपासनेला गेले होते. ती संपल्यावर ते पटांगणाकडं वळले आणि जागीच थबकले. वास आला. शेपू! मूगडाळ घातलेला, लसणाच्या फोडणीचा शेपू.

पळून जायला रंकाळा लांब होता. मास्तरांनी ठरवलं, आज खायचं. मेलो तरी बेहत्तर. आपण दुसऱ्याला नको ते चारलं, तर आपल्याही गळ्याखाली नको ते उतरलंच पाहिजे. मटणाचं वाढप दुसऱ्यांवर सोपवून ते पंगतीत बसले, शिट्टी ओठांत धरली, श्वास कोंडला. कालिंदीबाई पातेलं घेऊन वाढत वाढत आल्या. मास्तरांनी पत्रावळ पुढं सरकवली आणि डोळे मिटून घेतले.

पत्रावळीवर काहीच पडलं नाही. डोळे उघडले तर बाई शेपू घेऊन पुढच्या माणसाकडं गेलेल्या. रांग संपवून त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक झाकलेली वाटी होती. त्यात बटाट्याची भाजी होती, एकाच माणसापुरती.

"तुम्हाला शेपू चालत नाही ना," वाढताना त्या म्हणाल्या. "पळी वेगळी ठेवलीय. वास लागला नसेल."

वाढप पुरं झालं होतं. सगळी पंगत भाकरी हातात धरून मास्तरांकडं बघत होती. शिट्टी ओठांत होती, पण ती फुंकायला मास्तरांपाशी श्वास नव्हता. शेवटी बनाबाईनंच पलीकडून हाक दिली, "जेवा की समदी! किती येळ त्यांची वाट बघतासा?"